सोयीचा शुक्र

सुकन्याने शुक्राचा अभ्यास केला, हे शिरड शहापूरला कधी पचलंच नाही. मेंढ्या राखणाऱ्याच्या घरची पोरगी. तिने डी.एड. केलं असतं, तलाठ्याची परीक्षा दिली असती, तर गावाने पेढे खाल्ले असते. ही बया नांदेडला एम.एस्सी. करून आली आणि घरातल्या लॅपटॉपवर आकाशातल्या वाऱ्याच्या रेघोट्या बघत बसली. "पोटाला काय देतो गं तुझा शुक्र?" असं विचारायची एकही संधी शेजारणींनी सोडली नाही.

एक परदेशी यान शुक्राभोवती वर्षानुवर्षं फिरून कधीच संपून गेलं होतं. त्याने पाठवलेली मोजमापं मात्र कुणालाही बघायला खुली होती, आणि हिंगोली जिल्ह्यातल्या पोरीने ती बघू नयेत असं कुणी म्हटलेलं नव्हतं. शुक्र ढगांनी गच्च झाकलेला, आणि तेही तेजाबाचे ढग. पृथ्वीभोवती तिचं स्वतःचं चुंबकत्व आहे. सूर्याकडून सुसाटत येणारा विद्युतभारित कणांचा वारा ते बाहेरच थोपवून धरतं. शुक्राला तसली राखण नाही. तो वारा थेट त्याच्या हवेच्या माथ्यावर आदळतो. हवाच कशीबशी आड उभी राहते, पण थोडी थोडी निसटून अवकाशात जातेच. त्याचं पाणी असंच गेलं असावं, असं शास्त्रज्ञ म्हणतात. सूर्यावर वादळ उठलं की ही गळती किती वाढते, हे सुकन्याला शोधायचं होतं. तिने पाठवलेलं टिपण अहमदाबादच्या एका संशोधन संस्थेत वाचलं गेलं आणि तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. जानेवारीच्या शेवटी, समोरासमोर, एकदाच.

त्याच हिवाळ्यात जवळा बाजारचं स्थळ आलं. मुलगा बजरंग फौजेत. मुलगा चांगला होता, हीच पंचाईत. नाक मुरडायला जागा नव्हती.

"आबा, मुलाखतीपर्यंत थांबा," सुकन्या वडिलांना म्हणाली.

मल्हारी लेकीवर जीव टाकणारा माणूस. "काळजी काहून करतीस? शुक्र बुडालाय. तो फेब्रुवारीत उगवल. तवर लगीन न्हाई का काही न्हाई. शुक्र उगवला की बघू."

शुक्राचा अस्त असला की लग्नं होत नाहीत. एरवी या गोष्टीवर हसणारी सुकन्या त्या दिवशी पंचांगावर खूश झाली. फुकटात मिळालेली ढाल कोण नाकारतं?

आणि मग तिने स्वतःच्या हाताने घात करून घेतला. मेंढ्या एका शेतात खतासाठी बसवल्या होत्या. संध्याकाळी वाघरीच्या जाळ्यात कळप कोंडून मल्हारी शेकोटीपाशी टेकला होता. सहज म्हणाला, "बुडतो म्हंजी जातो तरी कुठं गं त्यो?"

असं तिला घरात कुणी आजवर विचारलं नव्हतं. ती हरखून उठली आणि शेकोटीच्या पलीकडे, जाळाआड जाऊन उभी राहिली.

"आबा, मी दिसते का?"

"जाळानं डोळे दिपून राहिले. न्हाई दिसत."

"मग मी गेले का कुठं?"

मल्हारी खुदकन हसला. "तिथंच हायस की!"

"शुक्रपण तिथंच असतो. सूर्याच्या पलीकडे गेलाय, म्हणून आपल्याला दिसत नाही. बुडत कधीच नाही."

मल्हारीला एवढं आवडलं, की दुसऱ्या दिवशी त्याने ते पारावर चौघांना सांगितलं. लेकीचा त्याला भारी अभिमान होता. त्या अभिमानाने तिचं जेवढं वाटोळं केलं, तेवढं एखाद्या वैऱ्यालाही जमलं नसतं.

पौष सरत आला तेव्हा बजरंगचे चुलते संतराम सोयरीक पक्की करायला आले. "पोराची सुट्टी संपून राहिली. माघ लागल्याबराबर उरकलं असतं, पण शुक्र आडवा आला ना. सुट्टी पुन्यांदा कवा मिळल, सांगता येत न्हाई."

"शुक्राचं काय घेऊन बसलात, पाव्हणं?" मल्हारी मांडी सावरून म्हणाला. "मही लेक त्याच्यावरच शिकून राहिली. शुक्र बुडतच न्हाई! सूर्याच्या पलीकडं आसतो. व्हय ना गं?"

सुकन्या चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी होती. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. एवढंच म्हणायचं होतं, 'बुडतो, आबा.' एक खोटा शब्द, आणि ती अहमदाबादच्या गाडीत बसली असती. तिच्या तोंडून तो निघेना. ज्याच्यासाठी दोन वर्षं डोळे फोडून घेतले, त्याच्याबद्दल चार माणसांत खोटं कसं बोलायचं?

"व्हय," ती म्हणाली.

"शाब्बास!" संतराम म्हणाले. "विज्ञानच म्हणून राहिलं, मग अडलं कुठं?" गावच्या जोशीबुवांनीही काढीव मुहूर्त शोधून दिला. काढायचाच म्हटला की मुहूर्त निघतोच. मुलाखतीचं मल्हारीने बोलून घेतलं. "लगीन झालं की पोरगी दोन दिसात जाऊन येईल." संतरामांनी मान डोलावली.

माघात वाजतगाजत लग्न झालं. चौथ्या दिवशी बजरंगची सुट्टी संपली. "मुलाखतीला जा तू. आईला सांगतो मी," असं म्हणून तो गाडीत बसला. आईला सांगायचं राहून गेलं की त्याने मुद्दाम टाळलं, हे सुकन्याला आजही ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी तिने बॅग भरली. परभणीहून रात्रीची रेल्वे होती.

सासू पंचफुलाबाई दारातच बसल्या होत्या. "कुठं निघालीस?"

"मुलाखतीला. बैठकीत ठरलं होतं ना, मामी."

"शुक्र बुडालाय बाई. नव्या नवरीनं अशात गावाची येस वलांडू न्हाई. घराला तकलीफ होती."

सुकन्याला वाटलं, थट्टा चालली आहे. "पण शुक्र बुडत नाही म्हणूनच तर लग्न लावलंत!"

"ते लगनापुरतं झालं," पंचफुलाबाई शांतपणे म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, कपटही नव्हतं. "हे घरातलं हाय. घरात बुडतो."

सुकन्याने वडिलांना फोन लावला. मागे मेंढ्यांचा आवाज येत होता. तिने सगळं सांगितलं आणि म्हणाली, "आबा, शुक्र बुडत नाही हे तुम्हाला माहीत आहे. मी दाखवलंय तुम्हाला. मामींना सांगा."

मल्हारीला माहीत होतं, हेच तर खरं दुःख.

"माय, आता ते तुझं घर हाय," तो म्हणाला. "थोडे दिस कळ काढ. शुक्र उगवला की बघू."

परभणीची शेवटची बस समोरच्या रस्त्यावरून गेली. सुकन्याने बॅग उघडली, आणि टिपणांवर घडी घालून ठेवलेली साडी काढून पुन्हा कपाटात ठेवली.