फुकटचा गुणाकार

परळच्या ऑफिसात मी बँक कार्डातल्या चिपचे प्रोग्रॅम लिहिते. चिपमध्ये एक आणि शून्यांचा लांबलचक गुप्त आकडा असतो. तो फुटला की कार्डाची नक्कल झालीच म्हणून समजा. माझं तीन वर्षांचं काम शुक्रवारी पास व्हायचं होतं, नाहीतर सगळं केराच्या टोपलीत. आणि मी तर सांगत फिरत होते, हा आकडा कुणाच्या बापाला सापडायचा नाही!

सोमवारी तपासणीला एक बाई आल्या. आकडेमोडीच्या वाटेला त्या गेल्याच नाहीत. चालताना चिप किती वीज खाते, एवढंच मोजत बसल्या. स्क्रीनवर उंचवट्यांची रांग उमटली. "एकटा उंचवटा म्हणजे शून्य, जोडी आली की एक," म्हणत त्यांनी बोट फिरवलं आणि माझा आकडा घडाघडा वाचायला लागल्या. अगं बाई गं! अंगावर सर्रकन काटा आला. राग यायला हवा होता, पण मी तोंडात बोट घालून बघतच राहिले.

चूक माझीच. प्रत्येक अंकाला एक पायरी असते, एक आला तर वर एक गुणाकार; शून्याला तो गुणाकार लागत नाही, म्हणून मी गाळला होता, आणि तिथे उंचवटा एकटाच पडत होता. काम झटपट होतं म्हणून मिरवलंही होतं. "शून्यालाही गुणाकार करा आणि उत्तर फेकून द्या," बाई म्हणाल्या.

काळाचौकीला घरी येऊन मी आईपुढे तणतणले. "फेकायचंच तर करायचं कशाला? असला येडेपणा मी नाही करणार!"

आई मेथी निवडत होती. "त्यात काय गो? बाबांची मिल बंद होती तेव्हा मी रिकाम्या पाट्यावर वरवंटा फिरवायचे. अकरा वाजले की चाळभर वाटणाचा आवाज. आपलाच आला नाही तर शेजारणींना कळणारच ना, यांच्याकडे आज काही नाही."

"आणि फोडणीचा वास?" माझी खोड जाईना.

"लसणीची एक पाकळी जाळायची."

"मग आम्ही जेवायचो काय?"

"तुम्हाला शाळेत डबा दिलेला असायचा."

"आणि तू?"

"मला कुठे शाळेत जायचं होतं?" म्हणून ती परत मेथीकडे वळली.

रात्रभर झोप नाही. सकाळी गुपचूप जाऊन शून्यालाही गुणाकार लावला.

शुक्रवारी सगळीकडे उंचवट्यांच्या सारख्या जोड्याच आल्या. बाईंचं बोट जागच्या जागी थांबलं. "आता काही कळत नाही. पास!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र भडभडून आलं. त्या वर्षांत आई किती दुपारी उपाशी राहिली, हे तिच्या पोटच्या पोरीलाही कळलं नव्हतं.