दोरीच्या आतलं वायफाय

ग्रामपंचायतीचं वायफाय रंजीतानं दोरीनं बांधून ठेवलंय, असं गावात बोलतात. दोरी म्हणे मंतरलेली, तिच्याबाहेर पाय पडला की फोन जळतो. पत्रूबुवा तर डोळे मोठे करून सांगतो, "माह्या जावयाचा जळला ना बाप्पा! धूर निघाला, धूर!"

धूर बिडीचा होता. आणि दोरी रोवण्याची आहे, धान सरळ ओळीत लावायला रंजीताच्या नवऱ्यानं, लोकेशनं, सिंदेवाहीहून आणलेली. रंजीता ग्रामपंचायतीत संगणकावर दाखले काढून देते. अहेरीच्या वाटेवरचा टॉवर झोपला की अख्खं गाव तिच्या खोलीतल्या वायफायच्या एका डब्यावर जगतं.

आधी सगळे फोन एकदम जोडले की कोणाचंच काही उघडत नसे. मग रंजीताच्या ध्यानात आलं, की जवळचा फोन आपलं बोलणं झटकन उरकतो. लांबचा अडखळत बोलतो आणि त्याचं संपेपर्यंत बाकीचे ताटकळतात. म्हणून तिनं अंगणात दोरी आखली. "अंदर या रे! एक जण बाहेरून बोंबलते न् साऱ्याइचं अडते!"

ही हाक हे लिहिणारी पोरगी हुबेहूब काढायची, नाकातल्या सुरासकट. दहावीच्या निकालाच्या सकाळी तिनं रंजीताला डिवचलं, "वहिनी, अडते ते गर्दीनं. तुमच्या दोरीनं काई होत नाई."

"लाव पैज. गर्दीनं नाई, बाहेरच्या एकानं अडते. हरलीस त पोळ्यापर्यंत माही नक्कल बंद."

"लागली!"

दुपारी दोरीच्या आत पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं निकालाची वाट पाहत फोनला डोळे लावून उभी. तेवढ्यात मागच्या बाजूनं लोकेश आला, पोटरी दोन्ही हातांनी धरून.

"रंजी... साप."

आरोग्य केंद्र भिंतीला भिंत लावून. लोकेशला खाटेवर घेतलं. डॉक्टर शिबिराला गेलेले, एकटी रीना सिस्टर. औषध फ्रिजमध्ये होतं, पण तिनं ते एकटीनं कधी दिलं नव्हतं. "रिअ‍ॅक्शन आली त मी काय करू वो? डॉक्टर डोळ्यासमोर पाहिजे." टॉवर झोपलेलाच, म्हणून तिनं रंजीताच्याच वायफायवरून गडचिरोलीच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला. ते दिसले, "पाय दाखवा, सूज कुठपर्यंत..." म्हणाले आणि तोंड उघडं तसंच थिजले.

सूज मात्र थांबली नव्हती. घोट्याचं हाड दिसेनासं झालं, कातडी तकाकायला लागली. अँब्युलन्स अहेरीहून निघालेली, अजून कुठल्या वळणावर असेल कोण जाणे.

"बंद करा फोन! सगळे बंद करा!" ती अंगणात ओरडली. पोरांनी बंद केले. निकालाचं कोणी नावही काढलं नाही.

पडद्यावर डॉक्टरांचं तोंड उघडंच.

गर्दी नव्हती. मग आता कोण बोलून राह्यलं?

खाटेवरून लोकेश पुटपुटला, "सिस्टर, पोचला का व्हिडिओ? सापाचा... तुमच्या ग्रुपवर टाकला."

रीनानंच गावसभेत सांगितलं होतं, साप मारू नका, ओळखायला फोटो काढून डॉक्टर असलेल्या ग्रुपवर टाका. लोकेशनं फोटोवर भागवलं नव्हतं. चावल्यावरही उभं राहून त्यानं लांबलचक व्हिडिओ काढला आणि वायफायवरून पाठवायला लावला.

रंजीता खाली वाकली. "फोन कुठी हाय?"

"सरपणात पडला."

सरपणाचा ढीग ग्रामपंचायतीच्या पार मागे, दोरीपासून कितीतरी लांब. रंजीता धावली आणि ढिगाजवळ जाऊन खिळली. दोन लाकडांच्या फटीत फोन उजळलेला होता, पडद्यावर गोल फिरत होता. आणि त्याच फटीतून आवाज येत होता. शिटी व्हायच्या आधी कुकर फुसफुसतो, तसा. ती थांबली की आवाज थांबे. ती वाकली की पुन्हा सुरू.

काठी शोधायला वेळ नव्हता. डोळे मिटून तिनं हात फटीत घातला.

हाताला काच लागली. फोन ओढून ती पळत सुटली, दोरीच्या आत येऊन पडली. तिच्या मुठीतच तो गोल भरभर फिरून पुरा झाला. भिंतीपलीकडून आवाज आला, "हॅलो सिस्टर? व्हिडिओ बघितला, घोणस आहे. सुरू करा, मी समोर आहे."

सुई टोचताना रंजीतानं लोकेशकडे पाहिलं नाही, रीनाच्या हाताकडे पाहिलं. डॉक्टरांचा आवाज थांबला नाही. बाहेर कोणीतरी भीत भीत फोन चालू केला, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी. तरीही आवाज थांबला नाही. अँब्युलन्सचा भोंगा ऐकू येईपर्यंत डॉक्टर बोलत राहिले.

लोकेश आता लंगडत का होईना, चालतो. रंजीता अजून कुकर लावून अंगणात येऊन बसते, शिटी झाल्यावरच आत जाते.

आणि पैज हे लिहिणारी हरली. पोळ्यापर्यंत तोंडानं नक्कल करायची नाही. लिहून करायची नाही, असं काही ठरलं नव्हतं.