पोटभाडेकरू

कॉम्प्युटरचं बटण दाबण्याआधी भाई सीपीयूच्या डब्यावर तळहात ठेवायचे, ताप आलेल्या पोराचं कपाळ चाचपावं तसा. मग म्हणायचे, "बगू, आज दोगांचं पटतंय का."

दोघं म्हणजे जुनी विंडोज आणि नवी विंडोज. त्या वर्षांत भोरच्या एसटी स्टँडाजवळ तुम्ही लग्नपत्रिका छापायला टाकली असेल, तर भाईंना पाहिलंच असेल. डोक्यावर पांढरी टोपी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि एखादी वेलांटी चुकली की स्वतःच्याच मांडीवर चापट. मी किकवीहून रोज येऊन त्यांच्याकडे टायपिंग करायची. दुकान दोघा भावांचं. भाई थोरले. धाकट्याला त्यांनीच वाढवलेलं. तो पुढे झेरॉक्स आणि फोनचा बूथ सांभाळायचा. मोबाईल आले, बूथ ओस पडला, तसा तो फोटोच्या कामात शिरला.

तिथेच पंचाईत झाली. भाईंचं मराठीचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवरच चालायचं, धाकट्याचं फोटोचं नवीवर. कॉम्प्युटर एकच. पुण्याहून आलेल्या मेकॅनिकने दोन मार्ग सांगितले. एक, डिस्कचे दोन भाग करून एकात जुनी, एकात नवी ठेवायची आणि चालू करताना कोणती हवी ते निवडायचं. दुसरा, सगळी जागा नवीला देऊन तिच्या पोटातच एका खिडकीत जुनी चालवायची.

भाईंनी दोन्हींचं बारसं केलं. पहिल्या मार्गाला वाटणी, दुसऱ्याला पोटभाडेकरू. दुकानात आम्ही तिघं हेच शब्द वापरायला लागलो. आणि भाईंना पोटभाडेकरूच हवा होता.

"वाटणीत एक उटल्याबिगर दुसऱ्याला बसता येत न्हाई," ते मला म्हणाले. "हितं दोगं एकदम नांदत्यात."

नांदत होती म्हणे! मेमरी तोकडी. आत जुनी उघडली की नवी धापा टाकायची. गिऱ्हाइकाचा फोटो पडद्यावर कपाळापर्यंत उमटून थांबायचा आणि धाकटा दातओठ खात बसायचा. मी त्याच्याच बाजूची होते, उगाच खोटं कशाला सांगू? भाईंना कितीदा म्हटलं, वाटणी करा, बंद-चालू करायला वेळ जाईल पण काम तरी पुरं होईल. ते टोपी सारखी करून पुढची पत्रिका उघडायचे.

एकदा चहा पिताना कारण कळलं. त्यांच्या लहानपणी वडील आणि चुलते वेगळे झाले आणि स्वयंपाकघराच्या मधोमध भिंत आली. आई आणि चुलती सख्ख्या बहिणी. भिंतीपलीकडच्या खोकल्यावरून त्या एकमेकींची तब्येत ओळखायच्या, पण हाक मारायची सोय राहिली नव्हती. हे सांगून भाईंनी कप पालथा घातला आणि कामाला लागले. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

मग लगीनसराई आली. हिर्डोशीची माणसं पत्रिका छापून घ्यायला उतरली होती, परतीची एसटी गाठायची म्हणून घाईत. त्याच वेळी धाकट्याचं फोटोचं काम. पडदा गोठला. पत्रिकेचा सगळा मजकूर गेला. धाकटा ताडकन उठला आणि सगळ्यांदेखत ओरडला, "आता पुरं झालं, भाई. वाटणी करून टाका एकदाची."

आम्हाला ठाऊक होतं तो कशाबद्दल बोलतोय. हिर्डोशीच्या माणसांना कुठून ठाऊक असणार? त्यांच्यातला म्हातारा टोपी सावरून रस्त्याकडे बघू लागला, परक्याच्या घरातलं भांडण बघू नये म्हणून. चहावाला दारातच थबकला. भाईंनी धाकट्याकडे पाहिलं. 'डिस्कची' एवढा एकच शब्द पुरला असता. धाकटा रागात होता. तो बोलला नाही.

संध्याकाळपर्यंत पेठेत बोभाटा झाला, भाऊ वेगळे निघतायत. मध्यस्थी करायला माणसं येऊ लागली. दर्शनी बाजू कुणाला, मागची कुणाला, याचे सल्ले सुरू झाले. आमच्या लोकांना दुसऱ्याची वाटणी म्हणजे घरचं कार्य. धाकटा मान खाली घालून झेरॉक्स काढत राहिला. ना हो म्हणाला, ना नाही.

रविवारी दुकान बंद ठेवून भाई एकटे आत बसले. सोमवारी मी आले तेव्हा धाकटा कॉम्प्युटरसमोर उभा होता आणि कीबोर्डवर शटरच्या किल्ल्या होत्या. काळ्या पडद्यावर दोन ओळी होत्या, जुनी आणि नवी, इंग्रजी अक्षरांत. भाईंनी डिस्कची वाटणी स्वतःच्या हाताने करून ठेवली होती, आणि दुकान सगळंच्या सगळं धाकट्याला सोडून ते सारोळ्याला मेव्हण्याकडे निघून गेले होते.

धाकटा दोनदा जाऊन आला. भाईंनी त्याला जेवू घातलं, कॉम्प्युटर बरा चालतोय ना विचारलं आणि एसटीत बसवून दिलं. मग मी गेले. हायवेलगतच्या एका दुकानात ते दुसऱ्याचं टायपिंग करत होते. मी त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, "भाई, तो डिस्कचं म्हणाला होता. तुम्हाला कळलं नव्हतं का?"

"कळलं व्हतं की. तवाच." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "लोकं घरी येऊन बसली, ताई, तरी वाट बगितली म्या. त्यो येकदा त्यास्नी सांगंल म्हणून."

परत येऊन मी हे धाकट्याला जसंच्या तसं सांगितलं. तो कुणाचा तरी फोटो कापत होता. त्याने कॉम्प्युटर बंद केला, पुन्हा चालू केला आणि पहिल्यांदाच जुनी उघडली. मराठी टायपिंग त्याला कधी आलंच नव्हतं. एका बोटाने तो एकेक कळ दाबून बघत होता. कशाला, म्हणून मी वाकून पाहिलं. त्याला 'भाई' लिहायचं होतं, आणि भ काही सापडत नव्हता.