झिजलेल्या अक्षरांची पत्रिका

माझ्या लग्नाला मुकुटबनचे काका वकील घेऊन आले.

चूक त्यांची नव्हती. बाबांनी उमरखेडला आयुष्यभर टायपिंगचे क्लास घेतले. लहानपणी मी त्या खडखडाटातच झोपायचो. ओळ संपल्याची 'टिंग' वाजली की कूस बदलायचो. पुढे कॉम्प्युटर आले, क्लास बंद पडला, घर मुकं झालं. म्हणून डिझायनर झाल्यावर मी ठरवलं, आपली लग्नपत्रिका जुन्या टाइपरायटरच्या अक्षरांत! मुद्दाम झिजलेला फॉन्ट शोधला: शाई अर्धी उडालेली, वेलांट्या हवेत, 'व'चं पोट काळंभोर. मजकूरही त्याच थाटाचा: 'आपणांस याद्वारे कळविण्यात येते की...' आणि शेवटी 'दिलेल्या तारखेस सहकुटुंब हजर राहावे.' वर जांभळा गोल शिक्का! (मी स्वतःवरच खूश.)

बाबांनी पत्रिका उजेडात धरली. "हे काय करून ठेवलं बे?"

"बाबा, तुमच्या मशीनची आठवण!"

"माह्या मशीनची? अरे, मी रोज ब्रशनं अक्षरं घासत होतो! असं पान कोनी काढलं तर फाडून टाकत होतो!"

आणि ते पेन घेऊन एकेका पत्रिकेवरच्या वेलांट्या दुरुस्त करत बसले. मुकुटबनची तेवढी पोस्टात पडून गेली होती.

नेमकी तिथेच घोड्यानं पेंड खाल्ली. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, काका-बाबांचं बोलणं आधीच बंद! काकांचा मला फोन आला.

"बाबू, मले नोटीस कायले धाडली?"

"काका, लग्न हाय माझं!"

"लगनाच्या नावावर समजोता करून राह्यले काय? दादाले सांग, मीबी वकील आनतो!"

आणले! भर उन्हात काळा कोट. बँड थांबला. मी मुंडावळ्यांतून पाहत राहिलो. काका पत्रिका फडकवत थेट बाबांसमोर.

"दादा, हे टायपिंग तुह्यं नाही. तुह्या हातचं अक्षर असं फिकं कधी पाह्यलं नाही मी."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. "पोट्ट्यानं केलं ते. चाल, जेवून घे आधी."

दोघे भाऊ एका ताटावर बसले. माझ्यावर अक्षता टाकायचंही भान त्यांना राहिलं नाही!

वकीलसाहेब निघताना माझ्याजवळ आले. "पत्रिका तुम्हीच केली ना? माझ्या नोटिसा कोणी हातातच घेत नाही हो. त्या जरा लग्नपत्रिकेसारख्या करून द्याल?"

दिल्या. गणपतीसकट! आजवरच्या माझ्या कामात लोकांनी सही करून हातात घेतलेलं काम तेवढंच.