तस्लीमच्या गाद्या

तस्लीम गेल्याचं कळलं तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात मुलांची ओली चित्रं दोरीवर वाळत घालत होते. फोन तिच्या धाकट्या भावाचा, आरिफचा. तो मला कधी फोन करत नसे, त्यामुळे नाव दिसलं तेव्हाच काय समजायचं ते समजलं. "मित्राताई, आपा गेली," एवढंच तो म्हणाला. माझं नाव संघमित्रा, पण पूर्ण नाव घेण्याचा तस्लीमला कंटाळा होता. तिनं मित्रा केलं आणि तिच्या घरानंही तेच उचललं. बुलढाण्याहून मिळेल ती एसटी धरली, राजूरचा घाट उतरून मलकापूरला पोचले, तोवर माणसं कब्रस्तानातून परतत होती. घरात बायका बसल्या होत्या. एका म्हाताऱ्या बाईनं मला ओळखलं, ती थोडी सरकली आणि शेजारी जागा करून दिली. तस्लीमची चाळिशीही उलटली नव्हती.

आम्ही दोघी बुलढाण्याच्या चित्रकला महाविद्यालयात एका वर्गात होतो. मी मेहकरकडच्या खेड्यातली, वडील प्राथमिक शिक्षक. ती मलकापूरच्या पिंजाऱ्याची मुलगी. घराच्या पुढच्या खोलीत गादीचं दुकान, मागच्या खोलीत कापूस पिंजायचं मशीन, आणि त्या दोहोंच्या मध्ये उरलेल्या जागेत संसार. ती रोज एसटीच्या पासवर येजा करायची. पहिल्या आठवड्यात तिच्या भुवयांवर, ओढणीवर कापसाचे तंतू असायचे आणि वर्गातली मुलं तिला म्हातारी म्हणायची. तिला राग येत नसे. वर्गाबाहेर उभी राहून ती चेहरा पुसायची आणि आत येऊन मुकाट्यानं चित्र काढायला बसायची. हात चांगला होता, पण सगळ्यांसारखाच. मडकं, वांगी, पितळेची घागर, मागे सोडलेला कपडा... आमच्यापैकी कुणीही काढलं असतं असं ते स्थिरचित्र.

आम्हाला डोंगरे सर होते. महाविद्यालयाची इमारत भाड्याची, ग्रंथालय म्हणजे एक कपाट. पण सर स्वतःच्या लॅपटॉपवर आज काम करणाऱ्या, जिवंत चित्रकारांची कामं साठवून आणत आणि खिडक्यांना चादरी लावून भिंतीवर दाखवत. तोवर चित्रकार म्हणजे वारलेला माणूस असंच आम्हाला वाटायचं. सरांचं म्हणणं असं, की ज्याचं काम आवडेल ते पोटभर बघा आणि मग तीच नजर घेऊन आपल्या घरी जा. आम्ही ते फारच मनावर घेतलं. महिनाभरात प्रत्येकानं आपापला एक कलावंत धरला. एकानं कागद फाडून चिकटवणारा चित्रकार धरला आणि बसस्टँडवरच्या फाटक्या पोस्टरांचे तुकडे गोळा करायला लागला. दुसऱ्यानं गंजलेल्या लोखंडातून शिल्पं करणारा कुणी पाहिला आणि घरचा मोडका डवरा, म्हणजे कोळपं, खांद्यावर टाकून वर्गात आणला. मी रिकाम्या खोल्या रंगवणाऱ्या एका चित्रकाराच्या नादी लागले आणि आमच्या गावच्या विहाराची दुपारची खोली रंगवत बसले. सगळेच दुसऱ्याचं काहीतरी अंगात घालून फिरत होतो, आणि खरं सांगते, तितकं सुख मला पुन्हा चित्रात मिळालं नाही.

तस्लीमला तिची कलावंत शेवटी सापडली. मुंबईच्या एक बाई, तेव्हाही नावाजलेल्या, आता तर फारच. त्या जुन्या साड्या आणि जखमेवर बांधायचं पातळ कापड एकात एक शिवून त्यांचे छतापासून लोंबणारे मोठे पडदे करत. भिंतीवर ते चित्र आलं आणि तस्लीम उभी राहिली. मागची मुलं बस म्हणाली तरी ती बसली नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "हे तं शिवनकाम हाय वं. हे चालते?" तिच्या घरी तीन पिढ्या सुई चालत होती, आणि सुई चित्रकलेच्या वर्गात आणता येते हे तिला त्या दिवशी कळलं.

पुढे सहलीला मुंबईला गेलो तेव्हा त्या बाईंचं प्रदर्शन होतं. तस्लीम एका पडद्यासमोर किती तरी वेळ थांबली, इतकी जवळ गेली की राखणदारानं तिला मागे व्हायला सांगितलं. मला वाटलं, भारावली असेल. पण परतताना ती जरा हिरमुसली होती. म्हणाली, "लई सुंदर हाय. पन त्याले वास नाई."

ते तिच्या मनात राहिलं असावं. दिवाळीनंतर तिनं वर्गात एक गादी आणली. एकट्या माणसाची, पांढऱ्या मांजरपाटाची. टाके घालून घालून तिनं त्या गादीत एक खोलगट आकार आणला होता, कुशीवर झोपलेल्या माणसाचा. गुडघे पोटाशी, एक हात उशाखाली. ती तिच्या अब्बाची झोप होती. जन्मभर पिंजून पिंजून त्यांना, म्हणजे आमच्या चाचांना, दम लागायचा, उताणं झोपता येत नसे. गादीवर कुणी नव्हतं आणि तरी चाचा तिथे इतके होते, की कुणी गादीला हात लावेना. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यानंतर ती गल्लीतल्या माणसांना विचारत फिरू लागली, तुम्ही कसे झोपता. लोक हसायचे, मग सांगायचे. शेजारची बाळंतीण, रात्रपाळीचा हमाल, लेक गमावलेली एक बाई जी बिछान्याच्या अर्ध्या भागातच झोपायची... एकेकाची गादी तयार होत गेली. कापूस तिच्या दुकानातलाच, सरकीचा वास असलेला.

या गाद्यांमधून तिचं काहीतरी होणार याबद्दल आमच्यापैकी कुणालाच शंका नव्हती. डिप्लोमा संपल्यावर सरांच्या खटपटीनं मुंबईत तरुण कलावंतांच्या एका प्रदर्शनात तिची निवड झाली. चार गाद्या रेल्वेनं नेल्या. मी सोबत होते. त्या नावाजलेल्या बाई उद्घाटनाला येणार असं कळल्यावर तस्लीमनं नवा सलवार-कमीज शिवला होता. बाई आल्या. अगदी साध्या, हसऱ्या. त्या गाद्यांसमोर थांबल्या, वाकून पाहिलं, तस्लीमच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "माझ्याच वाटेनं येतेयस. छान. येत राहा." त्यांच्या मनात कौतुकच होतं, यात मला शंका नाही. पण भोवती लोक होते, त्यांनी ते ऐकलं, आणि पुढचे सगळे दिवस गाद्यांसमोर येणारा प्रत्येक जण त्या बाईंचं नाव घेत होता. कुणी म्हणालं त्यांचा प्रभाव दिसतो, कुणी म्हणालं त्यांची विद्यार्थिनी का. एका वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, त्यातही नाव बाईंचंच आधी.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. नाशिक मागे पडल्यावर तिनं मला विचारलं, "मित्रा, म्या तिची नक्कल केली काय वं?"

मी नाही म्हणाले, आणि ते खरंच होतं. तिच्या पडद्यांत आणि तुझ्या गाद्यांत सुईशिवाय काही सारखं नाही, असं मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"पन तिनं दाखवलं नसतं," ती म्हणाली, "तं मले माह्या घरातलं दिसलं असतं काय?"

मी पिशवीतून डबा काढला आणि तिच्यापुढे धरला. 

त्यानंतर तिनं दोन-तीन ठिकाणी कामं पाठवली. सगळी नाकारून परत आली. एका परीक्षकानं सरांना सांगितलं, की मुलगी गुणी आहे, पण या प्रकारचं काम आता होऊन गेलंय. मलकापूरच्या पिंजाऱ्याच्या घरात तीन पिढ्या जे चाललं होतं, ते मुंबईत होऊन गेलेलं होतं. ती हळूहळू थांबली. भांडली नाही, रडली नाही, थांबली. मला बुलढाण्यात शाळा मिळाली. तिला मात्र कायमची जागा कधीच मिळाली नाही. चित्रकला शिक्षकांच्या जागा भरणंच बंद झालं होतं. ती एका शाळेत तासापुरती शिकवायची आणि उरलेला वेळ दुकानात. चाचा अंथरुणाला खिळल्यावर मशीनसमोर तीच उभी राहू लागली. लग्नाचं एकदोनदा जमता जमता राहिलं, त्याविषयी ती बोलत नसे.

शाळेत तिनं एक गोष्ट केली, जिच्यावरून आमचं बरंच वाजलं. मुलांना कुठल्याही चित्रकाराचं काहीही दाखवायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. फोनवरूनही नाही, पुस्तकातूनही नाही. मी म्हणायचे, अगं सरांनी दाखवलं म्हणून आपण निदान काही दिवस तरी जगलो. ती म्हणायची, मुलांना आधी स्वतःचं दिसू दे, दुसऱ्याचं नाव चिकटायच्या आत दिसू दे. वर्षभर तिनं नेटानं तसं शिकवलं. वर्षाच्या शेवटी तिनं मला मलकापूरला बोलावलं आणि मुलांची चित्रं जमिनीवर मांडली. डोंगर, दोन डोंगरांच्या मधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी आणि नारळाचं झाड. एकूण एक कागदावर तेच. मलकापुरात ना तशी झोपडी, ना नारळ.

"पाय," ती चित्रांकडे बोट दाखवून म्हणाली. "दाखवलं तं दुसऱ्याचं होते. नाई दाखवलं तं कोनाचंच होत नाई."

म्हणताना ती हसत होती. मग तिला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही. मी पाणी आणलं, पाठ चोळली. दुकानातल्या धुळीचा आहे, असं ती म्हणाली. चाचाही असंच म्हणायचे.

चाचा गेले, आणि पुढच्या दोन हिवाळ्यांत तिचं जिना चढणं बंद झालं. अकोल्याच्या डॉक्टरांनी फुप्फुसं कडक होत चालल्याचं सांगितलं. कापसामुळे का, असं मी विचारलं. तेही असू शकतं, म्हणाले. शेवटी शेवटी खाटेजवळ ऑक्सिजनचं मशीन आलं. मी शेवटची गेले तेव्हा उन्हाळा संपत आला होता. ती तीन उशांना टेकून बसली होती, कारण आडवं होता येत नव्हतं. तिचं मन गुंतावं म्हणून मी बोलत सुटले. सगळ्या गाद्या एकत्र मांडू, बुलढाण्यात, आपल्याच महाविद्यालयात, सर येतील, जुनी मुलं येतील. तिनं नळी नीट केली आणि विचारलं, कोनतं महाविद्यालय वं?  डिप्लोम्याचे प्रवेश बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि भाड्याच्या त्या इमारतीत आता फर्निचरचं दुकान आहे, हे तिलाही ठाऊक होतं. सर मुलाकडे नागपूरला असतात, पुष्कळांना ओळखत नाहीत.

निघताना मी तिला विचारलं, स्वतःची गादी कधी केलीस का. तिनं नाही अशी मान हलवली. "मी कशी झोपतो हे मले कोन सांगन," ती म्हणाली. एवढंच आमचं शेवटचं बोलणं.

तस्लीमचा चाळिसावा, म्हणजे चाळिसाव्या दिवसाचा विधी, झाल्यावर मी पुन्हा मलकापूरला गेले. गाद्या मागायच्या असं ठरवून गेले होते. माझ्या शाळेत कलादालन वगैरे काही नाही, पण एक रिकामी खोली आहे. मुख्याध्यापकांना विचारून ठेवलं होतं. ज्या मुलांनी कधी चित्रप्रदर्शन पाहिलं नाही, त्यांनी निदान या गाद्यांभोवती फिरावं, घरी जाऊन आपली माणसं कशी झोपतात ते बघावं, असं मनात होतं. आरिफनं चहा सांगितला. दुकान चालू होतं, मागे मशीनचा आवाज येत होता. मी गाद्यांचं विचारलं तेव्हा त्यानं आधी बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

चाळिसाव्याला पाहुणे फार आले होते, तो सांगू लागला. भुसावळ, खामगाव, औरंगाबादकडचे. अंथरुणं पुरेनात. माळ्यावर आपाच्या गाद्या होत्या, त्या उसवल्या, कापूस पुन्हा पिंजला आणि नव्या खोळींत भरला. हे सांगताना तो अवघडला होता, पण लपवत काही नव्हता. आपाचाच कापूस आपाच्याच पाहुण्यांच्या कामी आला, त्यात त्याला काही वावगं वाटलं नव्हतं, आणि मलाही त्याच्यावर रागावता येईना.

"त्याच्यावर कोनाले झोपता येत नव्हतं, मित्राताई," तो म्हणाला. "खड्डे होते न त्याच्यात."

मग तो मला आतल्या खोलीत घेऊन गेला. गाद्या भिंतीशी एकावर एक रचलेल्या होत्या, फुलाफुलांच्या खोळी घातलेल्या. त्यातल्या आपाच्या कोणत्या, हे आता त्यालाही नेमकं सांगता येत नव्हतं. त्यानं वरची एक खाली ओढली, माझ्यासाठी पसरली, आणि चहा पाहायला बाहेर गेला. मी बसले. तळव्यानं गादी चाचपत राहिले, उशाकडून पायथ्याकडे, या काठापासून त्या काठापर्यंत... काम चोख केलेलं होतं. कापूस सगळीकडे सारखा बसला होता. कुठेच खोलगट लागलं नाही.