मास्तरांनी मागितलेलं इंजिन

दाविद मास्तर गेल्याचं त्यांच्या मुलीनं, रूथनं, फोनवर कळवलं तेव्हा मी पेपरातलं कोडं सोडवत बसलो होतो. "बाबा सकाळी गेले, काका," एवढंच ती म्हणाली. फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिला विचार काय यावा? ती गोष्ट ठाऊक असलेला आता मी एकटाच उरलो. क्षणभर सुटल्यासारखं वाटलं... त्याला सहा आठवडे झाले, आणि ती लाज काही जात नाही.

एकाहत्तर-बहात्तरच्या सुमारास नगरच्या एका शाळेत आम्ही दोघं होतो. मी विज्ञान शिकवायचो, ते सुतारकाम. म्हणून मी 'सर' आणि ते 'मास्तर'. वयानं माझ्यापेक्षा मोठे, पण मलाच अहोजाहो करायचे आणि मीही ते करू द्यायचो. एका जुन्या परदेशी मासिकात मला तारेवर उडवायच्या छोट्या विमानांचे नकाशे सापडले आणि आम्हा दोघांना त्याचं वेडच लागलं. मधोमध उभं राहायचं, हातात लाकडी मूठ, मुठीतून निघालेल्या दोन लांब तारा विमानाला, आणि विमान आपल्याभोवती गोल फिरतं. तारा ताणलेल्या आहेत तोवर ते आपलं ऐकतं. ढिल्या पडल्या की संपलं. दोन छोटी विमानं छान उडाल्यावर शाळेच्या संमेलनासाठी पाच फुटी पंखांचं मोठं करायचं ठरलं.

मासिकातलं हलकं बाल्सा लाकूड नगरात कुठलं मिळायला! मास्तरांनी राहुरीकडच्या आपल्या गावाहून पांगारा आणला, तासून तासून कागदासारखा केला. सांगाडा तयार झाल्यावर तो बगलेत मारून ते थेट किराणा दुकानात गेले आणि तराजूत घालून आले.

"सर, लई जड झालंय. इंजिन दहा सीसीचं मागवा."

"मास्तर, एवढ्या पंखांना सहा सीसी पुरतं. मासिकातल्या तक्त्यात स्पष्ट दिलंय."

"तक्ता त्यांच्या लाकडाचा हाय. आपला पांगारा हाय. पुस्तकवाल्यानं हे उचलून कुठं बघितलंय?"

मी हसलो. इंग्रजी मला वाचता येत होतं, त्यांना नाही; तेवढ्या जोरावर मुंबईच्या दुकानाला पत्र लिहिलं आणि सहा सीसीचं इंजिन मागवलं. मास्तरांनी ते मुकाट्यानं बसवलं.

संमेलनाच्या दिवशी मैदान गच्च भरलं होतं. मूठ मास्तरांच्या हाती, इंजिन मी सुरू केलं. विमान उठलं, दोन फेऱ्या झाल्या, टाळ्या पडल्या. तिसऱ्या फेरीत मास्तरांनी ते वर चढवलं आणि डोक्यावर आल्यावर त्याचा दम सरला. तारा लोंबल्या. त्या ताणून धरायला मास्तर पाठमोरे धावत सुटले, धोतरात पाय अडकून पडले, आणि विमान त्यांच्यापासून दहा पावलांवर आपटलं. लोक खो खो हसले.

मुख्याध्यापकांनी विचारलं, "काय चुकलं हो सर?"

"विमान जड झालं," मी म्हणालो.

खोटं नव्हतं ते. म्हणून तर इतकी वर्षं पचलं. मास्तर गुडघ्याची माती झटकत शेजारीच उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "व्हय, जडच झालं." पुढे कित्येक दिवस शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या हाताची थट्टा चालली. ज्यांच्या हातचं टेबल कधी डुगडुगलं नाही, त्या माणसाची! मी तिथंच चहा पीत बसलेला असायचो. मास्तरांनी पुन्हा विमान केलं नाही. मला मात्र दर नाताळात फराळाचा डबा न चुकता यायचा...

परवा भेटायला गेलो तर रूथनं कपाटावरून ती मूठ काढली, तारा नीट गुंडाळलेल्या. "बाबा दर नाताळात पुसून ठेवायचे. म्हणायचे, विमान झकास होतं, वाराच फिरला. तुम्ही होतात ना तिथं?"

मी "हो" म्हणालो. एवढ्या वयातही तेवढंच जमलं. "मग तुम्हीच ठेवा," म्हणून तिनं मूठ माझ्या हातात दिली.

ती आता समोर टेबलावर आहे. मास्तरांच्या पंजाच्या मापानं कोरलेली, माझ्या हाताला सैल होते. रूथ, पेपरची ही पुरवणी तू वाचतेस हे मला ठाऊक आहे. मूठ परत द्यायला रविवारी येतो. त्या दिवशी मैदानात वारा नव्हता. तुझ्या बाबांनी दहा सीसीचं इंजिन मागितलं होतं.