सोडा दादा, हात सोडा

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा कल्याणच्या हॉस्पिटलात तिला चालवायला जवळच्या मोहने गावातल्या एक बाई यायच्या. फिजिओथेरपीच्या मदतनीस. चालवताना त्या फक्त स्वयंपाकाचं विचारायच्या. "मावशी, बोंबलाच्या कालवणात चिंच घालता की कोकम?" आई सांगेपर्यंत चार पावलं टाकून झालेली असायची. मी आईचा हात धरला की मात्र त्या चिडायच्या. "सोडा दादा, तुम्हीच घाबरवताय त्यांना." मला त्या जरा कठोरच वाटायच्या.

आईला एकच धास्ती होती, परत पडण्याची. सहाव्या दिवशी वॉकर धरून वळताना तिचा तोल खरंच गेला. मी ओरडलो. पण बाईंनी तिला कमरेशी धरलं आणि तिला घेऊनच फरशीवर बसल्या. त्यांचं कोपर सोलवटलं. आई त्यांच्या मांडीवर सुखरूप होती.

"लागलं का कुठं, मावशी?"

"नाही गं."

"मग? पडून झालं ना एकदा? आता कसली भीती?"

आई खुदकन हसली, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. बाईंनी तिला उभं केल्यावर मला म्हणाली, "तू जा रे बाहेर. आम्ही खिडकीपर्यंत जाऊन येतो."

बाहेर येऊन मी बायकोला फोन लावला. तिनं उचलला, तरी नुसताच हसत राहिलो.